माऊस बाजूला ठेवून गूगल अर्थ: आईची जर्सी सिटी आणि पसरणीचा घाट

आधीच सांगते, हा रिव्ह्यू गूगल अर्थच्या (कॉम्प्युटरवर अख्खी पृथ्वी फिरून बघायचा गूगलचा प्रोग्राम) सगळ्या फीचर्सचा नाहीये. माऊसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर, फोटोंपासून बनवलेल्या त्या थ्रीडी शहरांमधून कितपत फिरता येतं एवढंच लिहिणार आहे, कारण आमच्या घरी गेले तीन महिने गूगल अर्थ रोज संध्याकाळी वापरात आहे आणि वापरणारी आहे माझी आई, वय ७१, उजव्या हाताला कंप.

दादा-वहिनी अमेरिकेत, न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत राहतात, जर्नल स्क्वेअरच्या बाजूला. व्हिडिओ कॉल होतात, पण आईचं म्हणणं एकच, अगं कॉलमध्ये नुसती त्यांची भिंत दिसते, घराबाहेर काय आहे, तो भाजी कुठून आणतो, गाडी कुठून पकडतो ते मला कळत नाही. म्हणून मी लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडून दिलं आणि पहिल्याच दिवशी गाडं अडलं, कारण माऊस. एकतर धरून ओढायचा, ओढताना हात हलला की अख्खं शहर गरकन फिरतं, त्यात सोडताना झटका बसला तर दृश्य आपलं आपण घरंगळतच राहतं, डबल क्लिक झालं की भलतीकडेच झूम. आणि इमारती उभ्या दिसाव्यात म्हणून नजर कलती करायची तर शिफ्ट दाबून ओढायचं. दहा मिनिटांत तिने हात मांडीवर ठेवले, तूच दाखव म्हणाली. मला ते फार लागलं. दाखवणं वेगळं आणि आपण फिरणं वेगळं.

मग मी कीबोर्डचं बघायला लागले आणि इतक्या वर्षांत हे वापरलं का नाही असं झालं. चार अ‍ॅरो म्हणजे पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. शिफ्ट धरून डावा-उजवा अ‍ॅरो दाबला की आपण जागच्या जागी वळतो, शिफ्ट धरून वर-खाली दाबलं की नजर कलते, म्हणजे आकाशातून खाली बघण्याऐवजी समोर बघायला लागतो. पेज अप, पेज डाउनने जवळ-लांब. एन दाबलं की उत्तर परत वर, यू दाबलं की सरळ वरून खाली, आर दाबलं की दोन्ही पूर्ववत. आणि सगळ्यात महत्त्वाचं बटण स्पेसबार, काहीही चालू असू दे, दाबलं की दृश्य थांबतं. आईला मी सगळ्यात आधी स्पेसबार शिकवला. गाडी शिकवताना आधी ब्रेक दाखवतात ना, तसंच.

अ‍ॅरो एकदा दाबला की एक छोटं पाऊल, दाबून धरला की चालत राहतो, सोडला की संपलं. हात थरथरला तरी पाऊल वाकडं पडत नाही, कारण बटणाला दिशा एकच. माऊसमध्ये हाताची प्रत्येक हालचाल दृश्यात उतरते, कंपासकट. मला वाटतं हा फरक नुसत्या सोयीचा नाही, एखाद्याला त्या दृश्यात शिरता येईल की नाही हेच त्यावर ठरतं.

शिफ्ट आणि अ‍ॅरो एकदम दाबणं आईला जड जात होतं. त्याला विंडोजमध्ये सोय आहे, स्टिकी कीज. शिफ्ट पाच वेळा दाबलं की चालू करायचं का विचारतं (हो, तीच खिडकी जी आपण सगळे वैतागून बंद करतो). चालू केल्यावर शिफ्ट एकदा दाबून सोडायचं, मग अ‍ॅरो, एका बोटाने काम होतं. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबलं तर ते लॉक होतं आणि परत दाबेपर्यंत सगळे अ‍ॅरो वळायचं-कलायचं काम करतात. शिवाय फिल्टर कीज आहे, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की येतं, त्याने कंपामुळे चुकून दोन-तीनदा लागलेलं बटण एकदाच धरलं जातं. या दोन गोष्टी अर्थमधल्या नाहीत, विंडोजमधल्या आहेत, पण घरात कोणाच्या हाताला त्रास असेल तर आधी या चालू करा, मग अर्थ उघडा.

आता जर्सी सिटी. आईचा ठरलेला मार्ग असा, सुरुवात लिबर्टीच्या पुतळ्यापासून. जमिनीपासून मशालीच्या टोकापर्यंत ९३ मीटर, त्याच्याभोवती तिने आधी दोन चकरा मारल्या, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, देवळाला घालतो तशा. मग तोंड उत्तरेला आणि नुसता वरचा अ‍ॅरो. एलिस आयलंड येतं, डाव्या हाताला लिबर्टी स्टेट पार्क आणि त्याच्या टोकाला जुनं रेल्वे टर्मिनल, बाहेरच्या देशांतून येऊन एलिस आयलंडवर उतरलेली कितीतरी माणसं तिथूनच गाडीत बसून पुढे देशभर गेली. त्यापुढे पाण्याच्या काठाला कोलगेटचं घड्याळ, १९२४ सालचं, अष्टकोनी, ५० फूट व्यासाचं, आणि मग एक्स्चेंज प्लेसचे टॉवर. उजव्या हाताला हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, ५४१ मीटर. तिथून डावीकडे वळून आत गेलं की जर्नल स्क्वेअर आणि न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर, आपल्याकडचं सगळं वाणसामान मिळतं ती गल्ली. पाचव्या-सहाव्या दिवशी आई माझ्याशिवाय दादाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोचली. फोन लावून त्याला म्हणाली, तुझ्या गच्चीवर मोठाले पंखे आहेत रे. दादाला ते माहीतच नव्हतं, तो कधी गच्चीवर गेला नाहीये.

हे सगळं बनतं कसं ते थोडं सांगते, कारण ते कळल्यावर काय नीट दिसेल आणि काय नाही याचा अंदाज येतो. एक डोळा मिटून समोर बोट धरा, मग दुसरा मिटा, बोट सरकल्यासारखं दिसतं, जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. तेच इथे. विमान शहरावरून शेत नांगरल्यासारखं जातं-येतं, खाली आणि तिरक्या दिशांना रोखलेले कॅमेरे फोटो काढतात, एकच खिडकी, एकच कोपरा अनेक फोटोंत येतो, आणि त्या सरकण्यावरून कॉम्प्युटर तो कोपरा नेमका किती उंचीवर कुठे आहे ते काढतो. असे ठिपके जोडून पृष्ठभाग तयार होतो आणि त्याच फोटोंचं कातडं त्यावर चढवलं जातं.

म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते नाहीच. पुलाखालची जागा भरीव भिंतीसारखी होते, झाडं म्हणजे हिरवे गोळे, काचेच्या टॉवरांचे पृष्ठभाग लाटा आल्यासारखे, कारण काचेतलं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत वेगळं आणि कॉम्प्युटरला एकच बिंदू दोन फोटोंत सापडत नाही. रस्त्यावरच्या गाड्या वितळलेल्या दिसतात. त्यामुळे कीबोर्डने फिरताना एक गोष्ट पाळा, अगदी रस्त्याच्या पातळीला उतरू नका. चार-पाच मजल्यांच्या उंचीवर राहिलं, नजर अर्धी कलती ठेवली की चित्र सगळ्यात खरं वाटतं. आईने ही उंची आपली आपण शोधली, पेज डाउन दोनदा मागे येऊन. ती म्हणते गॅलरीतून बघितल्यासारखं.

मला या विषयाची ओढ फार जुनी आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ (एका जागेचे बरेच फोटो जोडून त्याचं त्रिमितीतलं दृश्य बनवून देणारी साइट) सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा मी ऑफिसमध्ये लंचच्या वेळात त्यातच असायचे. त्याच्या मागे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांचं २००६ मधलं संशोधन होतं, अनोळखी पर्यटकांनी नेटवर टाकलेल्या फोटोंवरून पॅरिसचं नोत्र दाम त्रिमितीत उभं करायचं. पुढे २००९ मध्ये तिथल्याच मंडळींनी रोमचे दीड लाख फोटो घेऊन शेकडो प्रोसेसर लावून एका दिवसाच्या आत ते जुळवून दाखवले. फोटोसिंथ फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद झालं, लोकांनी हौसेने केलेली एवढी दृश्यं साइटवरून गेली, त्याची हळहळ मला अजून आहे. पण त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. तिथे तुम्ही हवं तिथे जाऊ शकत नव्हतात, ज्या ज्या जागी कोणीतरी उभं राहून फोटो काढला होता त्या जागांवरूनच उड्या मारत जायचं. म्हणजे डावीकडचा फोटो, उजवीकडचा, अजून जवळचा. अशा रचनेला बटणं किती शोभतात बघा, एक दाब एक पाऊल. गूगलचा स्ट्रीट व्ह्यू (गाडीवरच्या कॅमेऱ्याने रस्त्यावरून काढलेल्या फोटोंतून फिरायची सोय) आजही तसाच चालतो, वरचा अ‍ॅरो दाबला की गाडीने पुढचा फोटो जिथे काढला तिथे आपण, डाव्या-उजव्याने मान वळते. जुलै २०२२ मध्ये तो भारतात १० शहरांत आला, त्यात पुणे, मुंबई, नाशिक आणि अहमदनगर होतं, त्यामुळे रस्त्यावरून चालायचं असेल तर पुण्यात तो वापरा, आणि छपरांवरून फिरायचं असेल तर अर्थ. दोन्हींत अ‍ॅरोंचा अर्थ वेगळा आहे हे मात्र आईला सांगायला मी विसरले होते आणि त्यात तिचा एक दिवस गोंधळात गेला.

वेब की डेस्कटॉप, हे मला खूप जणांनी विचारलंय. वेबवालं ब्राउझरमध्येच उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, साध्या फिरण्याला पुरतं. पण डेस्कटॉपचं गूगल अर्थ प्रो (२०१५ पासून फुकट आहे) कीबोर्डच्या बाबतीत मला उजवं वाटतं, दोन कारणांनी. एक, ऑल्ट धरून अ‍ॅरो दाबला की हालचाल मंद होते, दाट बिल्डिंगांमध्ये याची फार गरज पडते. दुसरं, कंट्रोल धरून अ‍ॅरो वापरले की जागेवर उभं राहून मान हलवल्यासारखं बघता येतं. वेबवाल्यात आल्यावर मला त्या मंद चालीची रोज आठवण येते.

दोन छोट्या सूचना. सर्चमध्ये नाव टाइप केल्यावर कर्सर तिथेच असेल तर अ‍ॅरो अक्षरांमध्येच फिरतात, शहर हलत नाही, आधी त्या बॉक्समधून बाहेर या. आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा, एन-यू-आर ही अक्षरं आहेत शेवटी. वेबवाल्यात प्रश्नचिन्ह दाबलं की शॉर्टकटची यादी येते, पण ती अशी आपण शोधायची, समोरून कोणी सांगत नाही, आणि ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही असं मला मनापासून वाटतं. एवढं चांगलं काम केलंय तर ते पहिल्याच स्क्रीनवर लिहा की. अर्थात इथे शोधल्यावर तरी सापडतं. मध्यंतरी एका बिल्डरच्या साइटवर फ्लॅटची थ्रीडी टूर बघत होतो (नाव नको), तिथे कीबोर्डवर काहीच चालत नव्हतं, आईला स्वयंपाकघर बघायचं होतं आणि ती दारातच अडकली.

सगळ्यात मोठी उणीव आता सांगते. आईचं माहेर वाई. जर्सी सिटी पाठ झाल्यावर साहजिकच म्हणाली, आता वाई लाव. लावलं. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ, सगळं आहे पण जमिनीवर पसरलेल्या सतरंजीसारखं सपाट. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, पुराचं पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, आणि इथे नजर कितीही कलती करा, भिंतच नाही. कारण तिथे इमारतींची थ्रीडी नाही, फक्त डोंगरदऱ्यांची उंची आहे आणि त्यावर वरून घेतलेला फोटो पांघरलेला. आपल्याकडे विमानातून असे फोटो काढायला परवानग्या वर्षानुवर्षं कडक होत्या, २०२१ मध्ये नकाशांचे नियम भारतीय कंपन्यांसाठी बरेच सैल झाले, त्यामुळे पुढेमागे होईल ही आशा आहे.

पण डोंगर आहेत ना. मी आईला म्हटलं पसरणीचा घाट चढून बघ. वाईकडून तोंड पाचगणीकडे, वरचा अ‍ॅरो, मधून मधून पेज अप-पेज डाउन, शिफ्टने वळणं घेत घेत ती वर गेली आणि टेबललँडचं ते सपाट पठार एकदम समोर आलं, मागे वळली तर खाली धोमचं पाणी. वीस मिनिटं लागली, मी मधे बोलले नाही. उंच सरळ कड्यांवर मात्र फोटो ताणून फासल्यासारखा दिसतो, आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर बघूच नका, तो आत वळलेला आहे आणि या पद्धतीत जमिनीच्या एका ठिकाणाला एकच उंची असते, त्यामुळे पोकळी येऊच शकत नाही, साधा उतार दिसतो. तिथे उभं राहून आलेल्या माणसाला वाईट वाटेल.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो शॉर्टकटची यादी पुढे न ठेवल्याबद्दल. वाईच्या सपाट देवळाबद्दल मार्क कापणं मला बरोबर वाटत नाही.

आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर बटणं लिहून ठेवलीत, हात हलत असल्यामुळे अक्षर मोठं आणि वाकडं आहे पण वाचता येतं: लांब पट्टी – थांब. एन – उत्तर. शिफ्ट दोनदा – मान वळव. त्याखाली काल एक नवी ओळ आलीये, वाई ते पाचगणी, वर वर वर, मग डावीकडे.