बिल आणि सुट्ट्या पैशांच्या हिशेबासाठी 12 आकडी डेस्क कॅल्क्युलेटर

गल्ल्यावर ठेवायचा कॅल्क्युलेटर घेताना एम प्लस (रक्कम मेमरीत मिळवणारं), एमआर (मेमरीतली बेरीज दाखवणारं) आणि चेक ही बटणं आहेत का, ते आधी बघा. साधा कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करत नाही, बटणं दाबाल त्याच क्रमाने जातो. 45 दराचे 3 नग आणि 60 दराचे 2 नग, बिल 255. पण 45 × 3 + 60 × 2 असं सलग दाबलंत की 390 दिसतात, कारण 135 मध्ये 60 मिळवून तो आलेल्या 195 ची दुप्पट करतो.

म्हणून बिलाची प्रत्येक ओळ एम प्लसने संपवायची. 45 × 3 एम प्लस, 60 × 2 एम प्लस, मग एमआर: 255. गिऱ्हाइकाने 500 दिले तर 500 − एमआर =, परत द्यायचे 245. एखादी वस्तू नको झाली तर तिची रक्कम एम मायनसने वजा करा. बऱ्याच मॉडेलांत स्क्रीन पुसणारं एसी बटण दाबून मेमरी पुसली जात नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातला एम गेल्याशिवाय पुढचं बिल सुरू करू नका, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची रक्कम पुढच्याच्या माथी बसते.

जीटी (ग्रँड टोटल, म्हणजे एकूण बेरीज) बटण झटपट वाटतं, पण त्यात प्रत्येक = चं उत्तर जमा होतं. परत दिलेले 245 सुद्धा! त्यामुळे गल्ल्यावर मेमरीच बरी.

वरची दशांशाची सरकपट्टी ए वर राहिली, तर बेरीज-वजाबाकीत 45 चे 0.45 होतात. पट्टी एफ वर (उत्तर जसंच्या तसं) किंवा 2 वर (दोन दशांश) ठेवा. सवलतीचं % बटण कंपनीगणिक वेगळं चालतं; घेतानाच 200 − 10 % दाबून पाहा. 180 आले नाहीत तर 200 × 0.9 करणंच सुरक्षित.

चेक बटणासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. टाकलेला एकेक आकडा मागे जाऊन दिसतो, चुकलेला तिथेच दुरुस्त होतो, अख्खं बिल पुन्हा मारावं लागत नाही. वेगाने टाइप करताना आकडा गाळणारी बटणं मात्र कुठल्याही सोयीने भरून निघत नाहीत. दुकानातच 1 ते 9 भरभर दाबून बघा.

पैसे हातात देताना बिलापासून वर मोजा: 255 आणि 5, 260, आणि 40, 300, आणि 200, 500. स्क्रीनवरच्या 245 चा ताळा तिथेच होतो. सुट्टे कमी असतील तर वरचे 5 मागून घ्या, म्हणजे 505 मधून सरळ 250 परत.