हँडगार्डच्या आत सप्रेसर: एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

आधी लांबीबद्दल बोलतो, कारण बहुतेक जण त्यासाठीच हे करायला जातात. सप्रेसर (बॅरलच्या तोंडाला लावायची, आवाज कमी करणारी नळी; बोलीत ‘कॅन’) हँडगार्डच्या, म्हणजे बॅरलभोवतीच्या हाताने धरायच्या आवरणाच्या, आत बसवल्याने रायफल सुतभरही आखूड होत नाही. बॅरल अधिक कॅन, एवढीच एकूण लांबी. वरून हँडगार्ड आठ इंची लावा नाहीतर बारा इंची, बेरीज बदलत नाही. दुकानदार मात्र ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकतात.

फायदा होतो तो डाव्या हाताचा. माझी एआर-१५ रायफल आहे, .३०० ब्लॅकआउट या काडतुसाची, बॅरल ९ इंचांचं. एवढ्या बॅरलवर नेहमीचा आखूड हँडगार्ड लावला की हात मॅगझिनच्या पुढ्यात गोळा होतो, आणि जरा पुढे सरकवला तर तापलेल्या कॅनवर जातो. १२ इंची हँडगार्ड लावल्यावर हात मोकळा लांब ठेवता येतो, ट्रायपॉडची पट्टी पुढे बसते आणि कॅनचा मागचा, सर्वांत जास्त तापणारा भाग झाकला जातो. माझा कॅन साडेसात इंचांचा. त्यातला साधारण अर्धा आत आहे, अर्धा बाहेर. हे ‘अर्धा बाहेर’ प्रकरण महत्त्वाचं आहे, पुढे सांगतो.

वापर कशासाठी, तेही सांगायला हवं. मी टेक्सासात राहतो आणि ओळखीच्या एका शेतमालकाकडे रानडुकरांसाठी जातो. डुकरांनी एका रात्रीत शेत कसं नांगरून टाकलेलं असतं हे विदर्भातल्या किंवा कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरांसाठी शिकारीचा परवाना लागत नाही. सप्रेसर लावून शिकार करायला तिथे २०१२ पासून मुभा आहे. म्हणजे रात्री, सावकाश, मोजक्या गोळ्या. माझं सगळं मत या वापरावर बेतलेलं आहे.

आता मापं. हँडगार्डचा आतला व्यास १.८ इंच, कॅनचा बाहेरचा १.५. दोन्ही बाजूंना ०.१५ इंच फट राहते, म्हणजे जेमतेम पावणेचार मिलिमीटर. कागदावर हे भरपूर वाटतं. फ्री फ्लोट हँडगार्ड फक्त मागच्या टोकाला, बॅरल नटापाशी धरलेला असतो; पुढे तो बॅरलला कुठेही टेकत नाही, आणि अचूकता त्यातूनच येते. पण १२ इंचांची अॅल्युमिनियमची नळी एकाच टोकाला धरलेली असली की ती वाकते. पुढच्या टोकाला ट्रायपॉड लावून त्यावर अंग टाकलं, किंवा पट्टा ताणून धरला, की फट एका बाजूने कमी होते. कॅन हँडगार्डला टेकला तर फ्री फ्लोटचा अर्थच संपला. गोळी कुठे जाईल ते तुमच्या दाबावर ठरणार. कॅनभोवती कागदाची पट्टी फिरवून बघायची पद्धत चांगली आहे, पण रायफल टेबलावर ठेवून नाही, ट्रायपॉडवर नेहमीसारखी रेलून. दुसऱ्या माणसाला कागद फिरवायला सांगा. माझ्या फटीत तो फिरतो. १.६ इंचांच्या वरचा कॅन असता तर मी या हँडगार्डमध्ये घातला नसता.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. एम-लॉकच्या खाचांत (हँडगार्डवर वस्तू बसवायच्या लांबट खाचा) काहीही बसवलं, टॉर्चची पट्टी असो की हात अडवायचा हँडस्टॉप, की त्याचे नट आणि स्क्रूची टोकं आतल्या बाजूला येतात. तुमची पावणेचार मिलिमीटरची फट तिथेच खलास. माझ्या टॉर्चच्या पट्टीबरोबर आलेले स्क्रू थेट कॅनपर्यंत पोहोचत होते. आखूड स्क्रू मागवून ते बदलले. कॅनवर कापडी कव्हर घालायचा विचार असेल तर तोही सोडा, मावत नाही.

उष्णता. सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या, गोळ्यांसाठी हा प्रश्नच नाही. २२० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३१० मीटरच्या आसपास जाते, दारू कमी जळते, आणि रात्रभरात पाच-सहा गोळ्यांनी हँडगार्ड कोमट होतो फक्त. रेंजवर सुपरसॉनिक घेऊन भराभर दोन मॅगझिन रिकामी केली तेव्हा मात्र खाचांवर बोट ठेववेना, तेही हातमोजा घालून. ऑगस्टमधलं टेक्सास, बाहेरच ३८ अंश. उघडा कॅन वाऱ्यावर निवतो; झाकलेला कॅन आपली धग हँडगार्डला देत बसतो आणि निवायला कितीतरी जास्त वेळ घेतो. टॉर्चचं बटण मी दुहेरी चिकटपट्टीने लावलं होतं, ते त्या दिवशी घसरून खाली आलं. एक गोष्ट मात्र बरी झाली: दुर्बिणीसमोर गरम हवेची थरथर कमी दिसते.

आता ते अर्धा बाहेर. माझा कॅन थेट आट्यांवर बसतो, .३० कॅलिबरचे नेहमीचे ५/८-२४ आटे. तापणं-निवणं चाललं की आटे सैल होतात, आणि सैल कॅन वाकडा बसतो. वाकडा बसला की गोळी आतल्या पडद्यांना लागते. कॅन फुटतोच, शिवाय रायफल हातात असते. म्हणून मी प्रत्येक वेळी बाहेरचा अर्धा भाग धरून तो घट्ट आहे का ते बघतो आणि नवीन बसवणी केली की आधी अलाइनमेंट रॉड (कॅन बॅरलच्या सरळ रेषेत आहे का ते दाखवणारी सळई) घालून बघतो. ओळखीच्या एकाने १५ इंची हँडगार्ड घेऊन कॅन पूर्ण आत दडवला आहे. दिसायला झकास. पण त्याला कॅन तपासायचा असेल तर हँडगार्ड उतरवावा लागतो, आणि कॅनचं तोंड हँडगार्डच्या काठाच्या आत राहिल्याने गरम वायू आणि अर्धवट जळलेली दारू आतच फुंकली जाते. त्याच्या हँडगार्डच्या पुढच्या चार इंचांचा रंग मूळचा कोणता होता ते आता ओळखू येत नाही. तोंड बाहेर हवंच.

आवाजाबद्दल दोन वाक्यं. सेंटरफायर रायफल १६० डेसिबलच्या आसपास असते, चांगला कॅन त्यातले २५-३० कमी करतो. सबसॉनिकला बोल्टची खटखट जास्त ऐकू येते, सुपरसॉनिकला गोळीचा तडाखा राहतोच आणि मी कानांवर मफ ठेवतोच. हँडगार्डमुळे आवाजात मला काही फरक जाणवला नाही. मागे येणारा वायू मात्र त्रास देतो: बोल्ट काजळीने भरतो, डोळे चुरचुरतात. अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक, म्हणजे बोल्टकडे जाणारा वायू कमी-जास्त करता येणारा भाग, घ्या आणि हँडगार्ड निवडताना त्याच्या स्क्रूपर्यंत लांब अॅलन की पोहोचेल असं समोर भोक आहे का ते बघा.

घरात ५.५६ ची (एआर-१५ च्या नेहमीच्या काडतुसाची) रायफलही असेल तर ब्लॅकआउटची मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवा. दोन्हींना तीच मॅगझिन चालते, आणि .३०० ची गोळी ५.५६ च्या चेंबरमध्ये बसून उडाली तर रायफल फुटते.

५.५६ वरही असंच करावं का, असं बरेच जण विचारतात. भराभर गोळ्या झाडायच्या असतील तर नको. तिथे कॅन मिनिटांत तापतो, आणि त्याला झाकणं म्हणजे उकळत्या भांड्यावर झाकण घट्ट बसवणं. शिकारीला, मोजक्या गोळ्यांना चालेल.

कागदपत्रांचं. १६ इंचांपेक्षा लहान बॅरलची रायफल आणि सप्रेसर, दोन्ही अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली येतात. मी विकत घेतलेल्या सप्रेसरसाठी फॉर्म ४ आणि स्वतः बनवलेल्या लहान बॅरलच्या रायफलसाठी फॉर्म १ भरला, दोन्हींना प्रत्येकी २०० डॉलर कर. हा कर १९३४ पासून तेवढाच होता. १ जानेवारी २०२६ पासून या दोन्हींसाठी तो शून्य झाला आहे, फॉर्म, फोटो आणि बोटांचे ठसे मात्र तसेच आहेत. फॉर्म १ वाल्याला आपलं नाव, शहर आणि राज्य रायफलवर कोरून घ्यावं लागतं. माझं आडनाव पाहून कोरणाऱ्याने अक्षरामागे पैसे घ्यायला हवे होते असं म्हटलं.

एच-१बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून बंदूक बाळगता येत नाही, तेव्हा सप्रेसरचा विषयच येत नाही. लहान बॅरलची रायफल राज्याबाहेर न्यायची तर एटीएफची (बंदुकांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय खातं) आगाऊ परवानगी लागते, नुसत्या सप्रेसरला लागत नाही. पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय अशा आठ राज्यांत तो सामान्य माणसाला ठेवताच येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं आणि डुकरांसाठी इकडे यावं.