प्लेराइट: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

आमचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे टप्पे, दोन आठवड्यांचे. जुना रिग्रेशन संच (नव्या बदलाने आधीचं काही मोडलं नाही ना, हे बघणाऱ्या टेस्ट) सेलेनियम या साधनावर होता. तो सोडून प्लेराइट हे ब्राउझरमध्ये वेबसाइट आपोआप तपासणारं साधन घेतलं, त्याला आता सहा-सात महिने होत आले. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेलं हे साधन ओपन सोर्स आहे, आणि एकच टेस्ट क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट (सफारीचं इंजिन) तिन्हींवर चालते. हे कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते ट्रेसबद्दल.

टेस्ट पडली की तिची ट्रेस फाइल उघडायची. प्रत्येक क्लिकच्या आधी-नंतर पान कसं होतं, कोणता एपीआय कॉल (सर्व्हरला केलेली विनंती) कधी गेला, उत्तर काय आलं, कन्सोलमध्ये कोणता एरर पडला, सगळं एका जागी. आमच्या कार्टची एक टेस्ट अधूनमधून पडायची. रिट्रायमध्ये, म्हणजे पुन्हा चालवल्यावर, पास व्हायची, रिपोर्टमध्ये 'फ्लेकी' असा शिक्का लागायचा आणि 'नेटवर्क असेल' म्हणत सगळे पुढे जायचे. ट्रेस नीट बघितल्यावर उलगडा झाला. नग पटापट एकाचे दोन, दोनाचे तीन केले की दोन कॉल जायचे. कधीकधी पहिल्याचं उत्तर दुसऱ्यानंतर यायचं, आणि कार्टमध्ये नग तीन पण रक्कम दोन नगांचीच. ग्राहकालाही हेच दिसलं असतं! ट्रेस बगच्या तिकिटाला (कामाच्या नोंदीला) जोडला. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं कोणी म्हणालं नाही, बग त्याच स्प्रिंटमध्ये मिटला.

तेव्हापासून फ्लेकी टेस्टचं आम्ही रीतसर तिकीट काढतो आणि प्लॅनिंगमध्ये त्याला वेळ धरतो. रिट्राय वाढवून पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) हिरवी करणं मला अजिबात पटत नाही.

बटण दिसतंय का, स्थिर आहे का, चालू आहे का, हे तपासूनच प्लेराइट क्लिक करतं. त्यामुळे जागोजागी पेरलेले स्लीप (ठरावीक वेळ थांबायच्या सूचना) गेले. पण आलेला आकडा बरोबर आहे की नाही, ते त्याला कळणार नाही. तो एक्स्पेक्ट (अपेक्षित निकालाची तपासणी) आपणच लिहायचा. कोडजेनने (आपले क्लिक बघून टेस्ट लिहिणारी प्लेराइटचीच सोय) रेकॉर्ड केलेली टेस्ट सुरुवातीला बरी, तशीच ठेवू नये.

एक मर्यादा मोठी आहे. यातलं वेबकिट म्हणजे आयफोनवरची खरी सफारी नव्हे. पेमेंटचा फ्लो आम्ही रिलीजआधी अजूनही प्रत्यक्ष फोनवर, हाताने तपासतो.

घ्यायचं ठरवलंत तर टेस्ट टेस्टरच्या वेगळ्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवू नका. प्रॉडक्टच्या कोडशेजारी ठेवा आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीवर) चालवा.