अमेरिकेची रांग की कॅनडाचे गुण?

वर्षातून चार-पाच जण तरी मला हा प्रश्न विचारतात. कुणाचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर होऊन आठ वर्षं उलटलेली असतात, कुणाची लेक सतरा वर्षांची झालेली असते. "दादा, थांबू की कॅनडाला निघू?" मी सात वर्षं न्यू जर्सीत एच-१बी या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर काढली आणि २०१९ च्या अखेरीस टोरोंटोजवळ मिसिसागाला आलो. म्हणजे माझा कल कुठे असणार, हे उघडच आहे. तरी अमेरिकेत इमिग्रेशन सुधारणेचा विषय निघतो तेव्हा त्यात काय असायला हवं, याचं उत्तर मला या दोन पद्धती शेजारी-शेजारी ठेवल्यावरच सापडतं.

अमेरिकेचा हिशेब तुम्हाला पाठ असेल. नोकरीवर आधारित १,४०,००० ग्रीन कार्डं हा आकडा १९९० च्या कायद्यातला. त्यातून बायको-मुलंही मोजली जातात, म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेल्यांच्या वाट्याला निम्म्याहून कमीच येतात. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१४ ची, ईबी-२ या गटातली. कुठल्या तारखेपर्यंतची पाळी आली ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये येतं; ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताची तारीख एप्रिल २०१३ होती. मी तिथेच राहिलो असतो तर तेव्हाही रांगेतच असतो.

कॅनडाने १९६७ पासून गुणांची पद्धत धरली. २०१५ पासून एक्सप्रेस एंट्री आहे: वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे १,२०० पैकी गुण, ठरावीक दिवसांनी ड्रॉ, आणि बोलावणं आलं की साधारण सहा महिन्यांत निकाल. जन्म साताऱ्यातला की स्वित्झर्लंडमधला, हे कुणी विचारत नाही. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, आधी मिळते, नोकरी नंतर शोधायची.

आता पगाराचं बोलू, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. अमेरिकेत जास्त मिळतो, चांगलाच जास्त. टोरोंटोच्या आसपासची घरं त्या मानाने महाग आहेत. मला इथे पहिली नोकरी लागायला चार महिने गेले आणि ते सोपे नव्हते. डॉक्टर असाल तर इथल्या परवान्यासाठी पुन्हा उमेदवारी करावी लागते; गुण देताना पदवी धरतात, काम देताना मात्र तिच्यावर घोडं अडतं. हे सगळं खरं आहे, आणि केवळ पैशाचाच विचार असेल तर थांबणंच बरं, असंही मी काहींना सांगितलं आहे.

माझा निर्णय मात्र पगारावर झाला नाही. बुलेटिनवरही नाही, खरं तर. तो झाला स्टॅम्पिंगवर.

ज्याला अनुभव नाही त्याला हे पटवणं कठीण जातं. अमेरिकेत राहायची परवानगी देशात बसून वाढवून मिळते. पण परत आत यायला पासपोर्टवर जो व्हिसा लागतो, तो देशाबाहेर जाऊनच घ्यावा लागतो; स्टॅम्पिंग म्हणतात ते हेच. २००४ पर्यंत तो आतही मिळायचा. बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ती सोय गेली. माझं ७९७, म्हणजे राहायच्या परवानगीचं पत्र, अगदी वैध होतं, पासपोर्टवरचा व्हिसा २०१६ मध्ये संपला होता. ऑफिसातला एक तेलुगू मित्र बहिणीच्या लग्नाला गेला, वकिलातीत हातात २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवल्याची, चिठ्ठी पडली आणि तो अकरा आठवडे तिकडेच अडकला. इकडे गाडीचे हप्ते चालू, भाडं चालू, मुलगा आईजवळ एकटा.

२०१८ च्या जानेवारीत बाबांची बायपास ठरली. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, सध्या जाऊ नका. रांगेत माझी तारीख लागलेली नसल्यामुळे ४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, भरता येत नव्हता, म्हणून व्हिसाशिवाय परत येऊ देणाऱ्या ॲडव्हान्स परोलचीही वाट बंद होती. बायकोचा एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा माझ्यावर, मुलीची शाळा माझ्यावर, आणि मी एका नोकरीवर. ऑपरेशन पुण्यात झालं. मी रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसलो होतो आणि भाऊ हॉस्पिटलच्या जिन्यावरून एकेक ओळ पाठवत होता. बाबा बरे झाले. त्यांनी मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. त्या आठवड्यात मी कॅनडाच्या अर्जासाठी आयईएल्ट्स या इंग्रजी परीक्षेची तारीख घेतली.

म्हणून कुणी सुधारणेबद्दल विचारलं की माझं पहिलं मागणं हेच असतं: ज्याचा मुक्काम कायदेशीर आहे, त्याला व्हिसा देशातच द्या. २०२४ च्या सुरुवातीला २०,००० जणांपुरता तसा प्रयोग झालाही, पण पुढे सरकला नाही. उलट २०२५ च्या डिसेंबरमध्ये समाजमाध्यमांची तपासणी वाढली आणि भारतातल्या कितीतरी मुलाखती थेट पुढच्या वर्षावर गेल्या. सुट्टीला गेलेली माणसं तिकडेच राहिली.

दुसरं मागणं, नोकरी आणि मुक्काम यांची गाठ सोडवा. नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला ६० दिवस, ही मुदत ज्याने नोटिस पीरियड पाहिला आहे त्याला वेगळी समजवायला नको. बायको-मुलांना कोट्याबाहेर काढणं आणि मुलांचं वय अर्जाच्या दिवशीच गोठवणं, हेही हवंच. तिथेच वाढलेलं पोर एकविसाव्या वर्षी आई-बापांच्या अर्जातून बाहेर पडून परकं ठरावं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

७ टक्क्यांच्या मर्यादेबद्दल मी पूर्वीइतका ठाम नाही. ती काढायचं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, २०२० मध्ये सिनेटनेही वेगळ्या रूपात मंजूर केलं, पण दोन्हींचा मेळ बसला नाही. एकूण कार्डं तेवढीच ठेवून नुसती मर्यादा काढली तर आपली रांग इतर देशांच्या लोकांवर सरकते. ते लोकही आपल्यासारखेच थांबलेले असतात. आकडा वाढवल्याशिवाय हे काम अर्धवटच राहील, असं मला वाटतं.

आता कॅनडाची दुसरी बाजू. मी आलो तेव्हा कटऑफ ४५०-४७० च्या आसपास होता. २०२५ मध्ये कॅनडातच अनुभव घेतलेल्यांनाही ५०० च्या वर लागले. फ्रेंच येणाऱ्यांचं मात्र बरंच खाली जमत होतं. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुण गेले. २०२५ साठी ५,००,००० पीआर ठरले होते, ते ३,९५,००० वर आणले. तिशीनंतर वयाचे गुण घसरतात, पंचेचाळिशीला शून्य. त्यामुळे "बघू दोन वर्षांनी" म्हणणाऱ्याला माझं सांगणं असतं की निदान परीक्षा तरी आत्ताच देऊन ठेव. प्रोफाइल टाकल्याने अमेरिकेतली रांग काही सुटत नाही.

आणि कॅनडाचा आई-बाबांसाठीचा सुपर व्हिसा. अमेरिकेत आई-बाबांना सहसा सहा महिन्यांवर राहता येत नाही, इथे एका खेपेला पाच वर्षांपर्यंत. बाबा दोनदा येऊन गेले. मागच्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा बरं नव्हतं. भावाचा मेसेज संध्याकाळी सातला आला, दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मी निघालो. बॅगेत काय भरायचं, एवढाच विचार होता.