स्कीवर चढायचं, विंगखाली उतरायचं: स्प्रिंगमधल्या कॉम्बो कोर्सचा सविस्तर रिव्ह्यू

बॅककंट्री स्किईंग (रिसॉर्टच्या बाहेरच्या डोंगरावर स्वतः चढून स्की करणं) आणि स्पीडफ्लाइंग (छोट्या विंगखाली, म्हणजे कापडी पंखाखाली, डोंगरावरून वेगाने खाली येणं) असा एकत्र कोर्स स्प्रिंग सीझनमध्ये नुकताच केला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. जायच्या आधी मी खूप शोधलं तेव्हा एकतर व्हिडिओ मिळाले ज्यात माणूस कड्यावरून सुटतो आणि दीड मिनिटात खाली, नाहीतर शाळांच्या जाहिराती. कोर्स नेमका कसा चालतो, कुठे पैसे वसूल होतात आणि कुठे कमी पडतं हे फारसं कोणी लिहीतच नाही. शाळेचं नाव देत नाहीये कारण माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या कुठल्याही शाळेला लागू पडू शकतात, तुम्ही कुठेही जाणार असाल तरी काय बघायचं ते कळावं एवढाच हेतू.

आधी निकाल सांगून टाकते, मला कोर्स प्रचंड आवडला. आणि उडायला मिळालं म्हणून आवडला त्यापेक्षा जास्त ज्या पद्धतीने त्यांनी सकाळचा वेळ वापरायला शिकवला त्यामुळे आवडला. ते पुढे येतंच.

ज्यांना स्पीडफ्लाइंग म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पॅराग्लायडरचं कापड साधारण 20 ते 30 चौरस मीटर असतं, स्पीड विंग 8 ते 15च्या आसपास. पायांनी पळत टेकऑफ घेतला तर स्पीडफ्लाइंग, स्की घालून घेतला तर स्पीडरायडिंग, पण बोलताना लोक दोन्हीला स्पीडफ्लाइंगच म्हणतात. आता गणित बघा, समजा तुम्ही सगळ्या सामानासकट 95 किलो आहात, तर 25 चौरस मीटरच्या विंगला दर चौरस मीटरमागे 3.8 किलो उचलावे लागतात (ह्यालाच लोडिंग म्हणतात) आणि 12.5च्या विंगला बरोबर दुप्पट, 7.6. वेग ह्या लोडिंगच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे लोडिंग दुप्पट झालं की वेग साधारण 40 टक्के वाढतो, पण आपटलात तर अंगावर येणारी ऊर्जा सरळ दुप्पट. हे पहिल्याच दिवशी बोर्डवर लिहून दाखवलं आणि खोलीत एकदम शांतता झाली. विंग छोटी म्हणजे सोपी असं बऱ्याच जणांना वाटतं, खरं एकदम उलट आहे.

प्रवेशाची अट होती की ऑफ-पिस्टवर (तयार केलेल्या ट्रॅकच्या बाहेर) कुठल्याही बर्फात कंट्रोलमध्ये स्की करता आलं पाहिजे, आणि ती नुसती फॉर्मवरची अट नव्हती. पहिल्या सकाळी सगळ्यांना एका खडबडीत उतारावरून खाली आणलं, आणि दोघांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही ह्यावेळी फक्त स्की टूरिंगचा (स्कीवरच चढून स्कीवरच उतरायचा) भाग करा, विंग पुढच्या सीझनला. पैशातला तेवढा भाग परतही दिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण विंग डोक्यावर आली की लक्ष सगळं वर जातं आणि पाय आपोआप चालावे लागतात, तिथे स्की टर्नचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही.

मग ग्राउंड हँडलिंग. सपाट बर्फावर, पायात स्की नाही, नुसती विंग वर उचलायची, डोक्यावर धरून ठेवायची, खाली घ्यायची, परत उचलायची. तास न् तास. छोटी विंग इतकी चपळ असते की ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) इंचभर जास्त ओढला गेला की ती एका बाजूला झुकतेच, आणि तुम्ही हात दुरुस्त करेपर्यंत ती तिसरीकडेच गेलेली असते. एका दुपारी इन्स्ट्रक्टरने गळ्यातला बफ (गळ्याभोवतीचं कापड) डोळ्यांवर ओढायला लावला आणि म्हणाला आता उचल. दिसत काही नाही, फक्त हार्नेसच्या डाव्या पट्ट्यावर ताण वाढलाय का उजव्या, एवढंच कळतं. पहिले काही प्रयत्न वाकडेतिकडे, मग हळूहळू पट्ट्यातून विंग कुठे आहे ते समजायला लागलं, आणि बफ काढल्यावर वर बघायची गरजच कमी झाली. ग्रुपमधले काहीजण कुरकुरत होते की आपण उडायला आलोय का पतंग खेळायला, पण मी म्हणेन की ह्या कोर्समधला सर्वात मोलाचा भाग हाच. ज्या जाहिरातीत दुसऱ्या दिवशी उंचावरून फ्लाइट लिहिलेली असते तिथे ग्राउंड हँडलिंगला किती वेळ देतात ते आधी विचारा.

ह्याच दरम्यान सामान हाताळायच्या बऱ्याच बारीकसारीक गोष्टी शिकवल्या ज्या व्हिडिओत कधीच दिसत नाहीत. स्कीच्या कडा धारदार असतात, लँडिंगनंतर पसरलेल्या लाइन्सवर (विंगच्या दोऱ्यांवर) चुकूनही स्की फिरवायची नाही, एक कट गेला की विंग बाद. चढताना लागलेले पोल्स टेकऑफच्या आधी घडी करून बॅगेच्या आत टाकायचे, बाहेर अडकवायचे नाहीत, कारण पोलच्या टोकाच्या चकतीत लाइन अडकते. कडक उतारावर विंग पसरली की ती सरळ घसरत खाली निघते, म्हणून मागच्या कडेवर मूठ मूठ बर्फ ठेवून ती जागेवर धरायची. आणि ओल्या बर्फात विंग पडली की पुढच्या तोंडांतून आत बर्फ जातो, तो वितळून कापड जड होतं, तेव्हा मागची कड वर धरून तोंडं खाली करून झटकायची, मगच पुढचा टेकऑफ. माझ्या पुढच्याने हे न करता विंग उचलली आणि ती अर्धवट वर येऊन एका बाजूला लोळली, सपाटीवर होतो म्हणून काही झालं नाही.

आता स्की टूरिंगचा भाग, जो माझ्या मते कोर्सचा कणा आहे आणि जाहिरातीत मात्र सगळ्यात छोट्या अक्षरात असतो. स्प्रिंगमध्ये सगळं रात्रीवर अवलंबून असतं. आकाश मोकळं असेल तर बर्फाचा पृष्ठभाग रात्री उष्णता वर सोडून देतो आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी बर्फ कडक गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडकते आणि सकाळी वर पातळ पापुद्रा आणि खाली ओला लगदा. गोठलेल्या रात्रीनंतर ऊन पडलं की आधी पूर्वेकडचे उतार मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेचे, आणि वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ आणि खाली कडक अशी जी अवस्था येते ते कॉर्न स्नो, स्किईंगसाठी स्वर्ग. पण ती टिकते थोडा वेळच. त्यानंतर पाणी आत झिरपतं, थरांमधली पकड सुटते आणि ओल्या बर्फाचे अव्हलांच (हिमस्खलन) सुरू होतात.

म्हणून अंधारात हेडलॅम्प लावून निघायचं. स्कीखाली स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून चिकटवायच्या केसाळ पट्ट्या), बर्फ अगदी काचेसारखा असेल तर स्की क्रॅम्पॉन्स (स्कीला लावायचे धातूचे दाते), आणि वळणावर किक टर्न (एकेक स्की उचलून जागेवरच वळणं). निघताना दारातच प्रत्येकाचा बीकन (बर्फाखाली पुरलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र) चेक, आणि त्याआधी एक अख्खी दुपार पुरलेला बीकन शोधायची प्रॅक्टिस, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) लावून, मग फावड्याने खणून. सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतात त्यामुळे कुठल्या कंपनीचा हा मुद्दा नाही, किती वेळात शोधता हा मुद्दा आहे, कारण पुरल्या गेलेल्या माणसाचे वाचायचे चान्सेस पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने खाली येतात. परत फिरायची वेळ आदल्या संध्याकाळीच ठरलेली असायची आणि माथा हाकेच्या अंतरावर असला तरी ती बदलायची नाही. मध्ये मध्ये इन्स्ट्रक्टर थांबून एक पाय स्कीतून काढायला सांगायचा, बूट वरच टिकला तर चला, घोट्यापर्यंत आत गेला तर आपण उशीर केला.

आणि आता ते ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. बर्फ आणि वारा दोन्ही एकाच उन्हावर चालतात. पहाटे हवा थंड आणि जड असते, हळूहळू उतारावरून खाली सरकते, शांत आणि विश्वासाची. ऊन चढलं की उतार तापतो, हवा वर जायला लागते, थर्मल्स सुटतात, आणि स्प्रिंगमध्ये ते चांगलेच जोरदार असतात. दुपारनंतर दरीतला वारा वेगळाच. म्हणजे ज्या वेळेला बर्फ टेकऑफ आणि लँडिंगला छान मऊ झालेला असतो, जवळजवळ त्याच वेळेला हवा बिघडायला सुरुवात होते. लवकर उडालात तर हवा उत्तम पण टेकऑफ फसला तर कडक बर्फावर थांबताच येत नाही. थांबलात तर पडायला मऊ पण वर हवेत गचके, आणि टेकऑफच्या जागी पाठीमागून सरकणारा वारा पुढून यायला लागेपर्यंतचा जो मधला वेळ असतो त्यात तो कुठूनही येतो. ह्या दोघांच्या मध्ये एक छोटीशी फट असते. कुठल्या दिशेचा उतार निवडायचा, किती वाजता वर पोचायचं, हे सगळं त्या फटीवरून उलटं मोजत यायचं. हे मला कुठल्याच व्हिडिओतून कळलं नव्हतं, इथे रोज चढताना कळत गेलं, कारण इन्स्ट्रक्टर प्रत्येक थांब्यावर विचारायचा, बर्फ काय म्हणतोय, वारा काय म्हणतोय, आणि उत्तर आपल्यालाच द्यायला लावायचा.

एक दिवस रात्रभर ढग राहिले. पहाटे गाडीतून उतरलो, बूट घोट्याच्या वर आत गेला, आणि तिथूनच परत. काहीजण चिडले, सुट्टी काढून आलो होतो वगैरे. मी मात्र त्या एका निर्णयासाठी शाळेला पूर्ण मार्क देते. वैतागलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर नाही म्हणणारी शाळाच निवडावी.

फ्लाइट्सबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि मला त्यावर सगळ्यात कमी लिहायचंय. सुरुवात अगदी मंद उतारावर, स्की बर्फाला घासतच राहतात, मध्येच काही सेकंद हलकं वाटतं आणि परत टेकता. मग उतार वाढत जातो. शेवटी आम्ही जिथून उडालो तिथून खाली साधारण 400 मीटर उंची होती, चढायला दीड तास आणि उतरायला दोन मिनिटंसुद्धा नाही. त्या दोन मिनिटांत कानाशी जो आवाज असतो आणि पायाखालून आपणच सकाळी कोरलेले झिगझॅग मागे पळत जातात, ते केवळ अप्रतिम. एक नियम डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला, जमिनीजवळ वळण घ्यायचं नाही. छोटी विंग वळताना खूप उंची खाते, सरळ यायचं, फ्लेअर करायचा (दोन्ही ब्रेक ओढून वेग कमी करायचा), स्कीवर घसरत थांबायचं. रिझर्व्ह पॅराशूटबद्दल पण स्पष्ट बोलले की इतक्या कमी उंचीवर तो उघडायला बऱ्याचदा वेळच मिळत नाही, त्याच्या भरवशावर काही करू नका.

हा खेळ वाढला तो 2000 नंतरच्या पहिल्या दशकात फ्रेंच आल्प्समध्ये, आणि 2009 मध्ये फ्रेंच स्पीडफ्लायर फ्रान्स्वा बाँने अर्जेंटिनातल्या अकोनकाग्वा शिखरावरून पाच मिनिटांच्या आत जी उडी मारली ती पाहून बरेच जण ह्याकडे वळले. ती क्लिप आमच्या ग्रुपमध्येही सगळ्यांनी पाहिलेली होती. त्या पाच मिनिटांसाठी तो आधी 6,900 मीटरच्या वर चढून गेला होता हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. शाळेकडे शिकाऊ विंग्जचे साइझ फार कमी होते. मी सामानासकट 65 किलोच्या आसपास, माझ्याबरोबरचा एकजण 100च्या, आणि दोघांना 14 चौरस मीटरचीच विंग. म्हणजे माझं लोडिंग 4.6 आणि त्याचं 7.1, दोघं एकाच उतारावरून एकाच सूचनेवर उडतोय पण प्रत्यक्षात दोन वेगळ्या वेगाची यंत्रं चालवतोय. मला निवांत शिकता आलं, त्याला प्रत्येक लँडिंग घाईत करावं लागलं. वजनाप्रमाणे विंग देणार का, आणि कुठले साइझ ठेवता, हे बुकिंगच्या आधी लिहून मागा. दुसरी तक्रार, हवामानाची थिअरी संध्याकाळी ठेवली होती. पहाटे तीनला उठलेला माणूस संध्याकाळी सहाला लीवर्ड बाजूचा रोटर (डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला गरगरणारी हवा) समजून घेण्याच्या अवस्थेत नसतो, निम्मे लोक पेंगत होते. हा विषय पहिल्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने घ्यायला हवा. आम्ही ते फीडबॅकमध्ये लिहिलं आणि त्यांनी मान्य केलं, बघू.

कोर्स संपल्यावर बरेच जण लगेच विंग घ्यायला धावतात, आमच्यातल्या एकाने तर तिथेच सेकंडहँड 9 चौरस मीटरची बघून ठेवली. इन्स्ट्रक्टरने त्याला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. मला त्याने सांगितलं की अजून एक सीझन 13-14 वरच राहा आणि जमेल तेव्हा सपाटीवर नुसतं हँडलिंग करत राहा, त्यामुळे सध्या मी विंग भाड्यानेच घेणारे, आणि स्किन्स मात्र स्वतःच्या घेतल्या, मोहेअर आणि नायलॉन मिक्स, भाड्याच्या स्किन्सचा गोंद पहाटेच्या थंडीत सुटायचा त्याला वैतागले होते.