घरापुढच्या डांबरी रस्त्यावर ‘उरलेल्या माला’चा थर

मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत 100 फूट लांब आणि 10 फूट रुंद असा डांबरी रस्ता आहे. खालची जमीन काळी आणि भारी असल्यामुळे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ताही तिच्यासोबत हलतो. कापसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तुटल्या होत्या, मधोमध भेगा पडल्या होत्या आणि फाटकाजवळ पाणी साचत होते. अशा रस्त्याच्या भेगा मृगापूर्वी भरून घेतल्या, कडांना मुरूम दाबला आणि पाण्याला उतार काढून दिला, तर तो बरीच वर्षे टिकतो. हेच काम करून घेण्याचा आमचा विचार चालू असताना एप्रिलमध्ये एक टोळी दारात आली. तिची फसवण्याची पद्धत आता आसपासच्या गावांतही दिसू लागली असल्याने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

लहान टेम्पोतून उतरलेल्या म्होरक्याने वडिलांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “काकाजी, कंपनीचा माल उरला हाय, वापस नेला तं फेकूनच द्या लागते. अर्ध्या भावात दोन इंची थर टाकून देतो.” अमरावती–अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला होता. ते काम आमच्या भागातील लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे, त्यामुळे ‘आम्ही त्याच कामावर होतो’ एवढे सांगितले की ओळखपत्र कोणी विचारणार नाही, याचा त्याला चांगला अंदाज होता. चौरस फुटाला 40 रुपये भाव ठरला आणि डिझेल-मजुरीच्या नावाखाली 25,000 रुपये आगाऊ, तेही रोख, घेतले गेले.

‘उरलेला माल’ ही थापच आहे, हे ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचे गरम मिश्रण प्लांटमधून साधारण 150 ते 165 अंश सेल्सिअस तापमानाला निघते, रस्त्यावर पसरताना ते किमान 140 अंश असावे लागते आणि रोलरची दाबाई 90 अंशांच्या खाली जाण्याआधी संपावी लागते. त्यामुळे काल उरलेले मिश्रण आज तुमच्या दारात आले, तर ते गिट्टीचे थंड ढेकूळच असते. ते पुन्हा मऊ दिसावे म्हणून त्यात डिझेल किंवा इंजिनचे जळके ऑइल ओततात, आणि डांबर तर डिझेलमध्ये विरघळते. आमच्या टेम्पोतील मालाला वाफ नव्हती, पण डिझेलचा वास मात्र ओसरीपर्यंत येत होता.

दुसरी खूण वजनाची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. 1,000 चौरस फुटांवर दोन इंचांचा दाबलेला थर म्हणजे सुमारे 167 घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या आतबाहेर माल. त्याचे वजन 11 टनांच्या जवळपास भरते, आणि एवढा माल आणायला टिप्परच लागतो. दारात उभा असलेला टेम्पो काठोकाठ भरला असता, तरी त्यात तीन-चार टनांहून अधिक माल मावला नसता, आणि तो तर अर्धाच भरलेला होता. जिनिंगच्या काट्यावर पावती हाती पडल्याशिवाय कापसाची गाडी रिकामी न करणारे आपण लोक, डांबराच्या वजनाची पावती मात्र कोणी मागत नाही.

काम संध्याकाळपर्यंत उरकले. जुना रस्ता झाडला नाही, भेगा भरल्या नाहीत, नवा थर जुन्याला धरून राहावा म्हणून आधी शिंपडायचा डांबराचा पातळ हात दिला नाही. रोलरऐवजी टेम्पोच मागेपुढे फिरवला आणि वरून काळे पाणी मारून सगळे चकचकीत केले. उरलेले 15,000 रुपये घेऊन माणसे निघून गेली. मे महिन्यात तो थर चपलांना आणि टायरांना चिकटू लागला, आणि पहिल्याच जोरदार पावसात त्याचे पापुद्रे सुटले. सब्बलीने खणून पाहिले तेव्हा थराची जाडी कुठे अर्धा इंच होती, तर कुठे तेवढीही नव्हती, आणि खाली जुनी धूळ जशीच्या तशी होती.

फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो आणि पोलीस ठाण्यात आम्ही तसा अर्जही दिला, पण आमच्याकडे पावती नाही, पत्ता नाही आणि दिलेला मोबाइल क्रमांक बंद आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शनही मिळते, मात्र तक्रार कोणाविरुद्ध करायची हे ठाऊक असावे लागते. म्हणून पैसे खात्यावर द्यावेत, वाहनाच्या क्रमांकाचा फोटो घ्यावा, कागदावर थराची दाबलेली जाडी लिहून घ्यावी, आणि माल उतरण्यापूर्वी प्लांटचे चलन व धर्मकाट्याची पावती पाहावी. खऱ्या ठेकेदाराकडे हे दोन्ही कागद असतातच.

आता आम्ही तो सैल थर खरवडून काढला आहे आणि फाटकाजवळ पाण्यासाठी नाली खोदली आहे. भेगा आणि कडांचे काम पाऊस उघडून रस्ता पूर्ण कोरडा झाल्यावर करू, कारण ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही. दरम्यान दर्यापूरकडील एका नातेवाइकांच्या दारातही असाच टेम्पो येऊन गेला. तिथे टेम्पोवाल्यांनी माल समृद्धी महामार्गाच्या कामातून उरल्याचे सांगितले. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे, हे नातेवाइकांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्या लोकांना फाटकाच्या आतही येऊ दिले नाही.