चोडण बेटावरील होडीसफर: भरती-ओहोटी पाहून वेळ ठरवणारी सेवा

गोव्यात पाहुणे आले की त्यांना समुद्रकिनाऱ्यावर न्यावे की फोंड्याकडच्या देवळांत, एवढाच विचार बहुतेक घरांत होतो, आणि पणजीपासून इतक्या जवळ असलेल्या मांडवीतल्या बेटांकडे सहसा कोणी वळत नाही. त्यामुळे चोडणवरचे एक कुटुंब चालवत असलेल्या अर्ध्या दिवसाच्या सफरीबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. डिसेंबरमध्ये पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना घेऊन आम्ही ती केली. होडी, बांधावरची पायी फेरी आणि दुपारचे जेवण मिळून माणशी १,२०० रुपये घेतले जातात. पक्षी अभयारण्याचे प्रवेशशुल्क वेगळे पडते.

या सेवेची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे निघण्याची वेळ ग्राहकाच्या सोयीने ठरत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चोडणच्या पश्चिम टोकाला असलेल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यातील अरुंद खाड्यांत होडी शिरायची तर पाणी भरलेले हवे, आणि चिखलात टिपणारे पक्षी पाहायचे तर तेच पाणी उतरायला हवे. म्हणून आरक्षणाच्या वेळी हे लोक आधी भरतीचे कोष्टक पाहतात आणि पाणी फिरण्याच्या सुमारास होडी सोडतात. आम्हाला त्यांनी सकाळी सातला रायबंदरच्या धक्क्यावर बोलावले आणि त्याचे कारणही फोनवरच सांगितले. पायी जाणाऱ्याला फेरीबोटीचे तिकीट लागत नाही, त्यामुळे गाडी रायबंदरलाच ठेवणे उत्तम. पलीकडे उतरल्यावर अभयारण्य अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

१९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तसे लहानच आहे. पण होडीला इंजिन नसल्याने ते नीट पाहता येते. आमचा होडीवाला वल्ही मारता मारता मध्येच थांबे आणि बोटाने दाखवी. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या (कॉलर्ड किंगफिशर), म्हणजे खारफुटीला धरून राहणारा निळसर पक्षी, फांदीवर पुरती पाच मिनिटे बसून होता आणि होडी जवळ गेली तरी हलला नाही. पाणी हातभर उतरल्यावर काठावरची श्वासमुळे उघडी पडली आणि त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, उड्या मारू लागल्या. एक नांगी अवाढव्य आणि दुसरी इवलीशी असलेले नर खेकडे ती मोठी नांगी वर करून मादीला खुणावत होते. होडीवाल्याने फांदीला लोंबणारी, शेवग्याच्या शेंगेसारखी लांब रोपे हातात धरून दाखवली. या जातीच्या खारफुटीचे बी झाडावरच रुजते आणि रोप तयार झाल्यावर खाली गळते. आमच्याबरोबरच्या शाळकरी मुलाने त्यावर जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे त्याने घाई न करता दिली.

तरीही माझ्या दृष्टीने या सफरीचा गाभा अभयारण्याबाहेर, खाजनाच्या बांधावर आहे. खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधाने अडवून नदीच्या पातळीखालची जमीन पिकवण्याची ही गोव्याची जुनी व्यवस्था पुस्तकात वाचून नीटशी कळत नाही. ती कळते मानशीपाशी उभे राहिल्यावर. बांधातील या लाकडी दारांना ना कुलूप ना यंत्र: भरतीला नदीचे पाणी दाबते आणि दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी जोर करते आणि ती उघडतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दारे उघडी होती, पाणी नदीकडे धावत होते आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सुंगटे, म्हणजे कोळंबी, उडत होती. या मासेमारीचा हक्क पावणी, म्हणजे लिलाव, करून दिला जातो आणि त्यातून येणारा पैसा बांधांच्या दुरुस्तीला लागतो. म्हणजे पावसाळ्यात पिकणारा कोरगुट तांदूळ, मानशीतली सुंगटे आणि काठावरचे बगळे या सर्वांचा संसार एकाच पाण्यावर चालतो, हे तिथे डोळ्यांनी दिसते. मार्गदर्शकाने फुटलेल्या बांधाचा तुकडाही टाळला नाही. खारे पाणी आत शिरून शेत पडीक झाले आणि आता तिथे खारफुटी माजली आहे. पाहुण्याला तो हिरवा पट्टा सुंदर वाटतो, पण ज्याचे शेत गेले त्याला तसे वाटत नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितले, आणि असे सांगणारी सफर मला दुसरी माहीत नाही.

उणिवाही आहेत. मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे होडीत नव्हती. मोठ्या माणसाचे जाकीट पट्टे आवळून मुलाला घालावे लागले. पाण्यावर चालणाऱ्या सेवेत ही गोष्ट क्षुल्लक नाही आणि ती त्यांनी ताबडतोब सुधारली पाहिजे. सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच होती. बांधावर सावली नसल्याने अकरानंतरचे ऊन ज्येष्ठांना जड जाते. टोप्या आणि पाणी आपले आपण न्यावे.

आणखी एक खंत म्हणजे बेटाच्या इतिहासावर बोलणे फारच थोडक्यात आटोपते. माशेलच्या ज्या देवकीकृष्णाच्या अंगणात आषाढात चिखलकाला रंगतो, ते दैवत मूळचे चोडणचे. पोर्तुगीज काळात ते आधी मयेला आणि नंतर माशेलला हलवले गेले. मराठी कुटुंबांना हा दुवा किती जवळचा वाटला असता! बेटावरच्या चर्चची पांढरी दर्शनी भिंत दाखवून पुढे निघण्याऐवजी तिथे दहा मिनिटे थांबून हे सांगायला हवे होते.

जेवण घरातच, ओसरीवर वाढतात. उकड्या तांदळाचा भात, सुंगटांचे हुमण (नारळाच्या रसातली आमटी), किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर) आणि सोलकढी. आधी सांगितले तर शाकाहारी माणसांसाठी खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, करतात. हुमणात नारळाचा रस दाट होता आणि तिरफळाचा वास नेमका होता. वाढणाऱ्या काकींनी माझ्या सासूबाईंना ‘मावशी, आणखी थोडा भात घ्या’ असा तीनदा आग्रह केला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ यासाठी सर्वांत चांगला. शनिवार-रविवारी रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणून आठवड्यातला मधला दिवस निवडावा, आणि ज्यांना डिचोलीकडून यायचे आहे त्यांनी मयेच्या पुलावरून थेट बेटावर उतरावे.